गांजावरच्या करातून राज्याला खरंच काय मिळतं? कोलोरॅडोतल्या हिशेबाच्या वह्यांमधून दिलेलं उत्तर

पुण्यात अर्थशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी विचारलं आहे : कोलोरॅडोने गांजा कायदेशीर केला, त्यावर कर लावला, त्या पैशातून शाळा बांधल्या, पोलिसांचा खर्च वाचला. मग नैतिकतेचा मुद्दा बाजूला ठेवला, तर निव्वळ आर्थिक अंगाने विरोधात मांडण्यासारखं काय उरतं? आणि भारताने हे का करू नये?

मी डेन्व्हरमध्ये सीपीए आहे, आपल्याकडच्या सीएसारखंच काम. माझ्या क्लायंटमध्ये किराणा दुकानं आणि दाताचे दवाखाने आहेत, तशीच गांजा पिकवणारी आणि विकणारी परवानाधारक दुकानंही आहेत. त्यांची कर-विवरणपत्रं मी भरते. म्हणून मी उत्तर देणार ते वहीखात्याच्या बाजूने.

आधी प्रश्न थोडा दुरुस्त करते. ‘कायदेशीर करावा का’ आणि ‘कर किती मिळेल’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक पहिल्याचं उत्तर दुसऱ्यातून काढतात. माझ्या मते महसूल हा कायदेशीर करण्याच्या बाजूचा सगळ्यांत कच्चा मुद्दा आहे. बाजू भक्कम आहे, पण ती वेगळ्या कारणांनी.

कोलोरॅडोचा हिशेब बघा. नोव्हेंबर २०१२ मध्ये मतदारांनी ६४वी घटनादुरुस्ती मंजूर केली, १ जानेवारी २०१४ पासून दुकानं उघडली. शेतातून माल दुकानात जाताना १५ टक्के अबकारी कर बसतो. गल्ल्यावर ग्राहकाकडून विशेष विक्रीकर घेतला जातो. तो सुरुवातीला १० टक्के होता, जुलै २०१७ पासून १५ टक्के झाला. शहराचा कर वेगळा. अबकारीतले पहिले चार कोटी डॉलर दरवर्षी शाळांच्या बांधकामाकडे वळवायचं घटनादुरुस्तीतच लिहिलं होतं, त्यामुळे शाळांची गोष्ट खरी आहे. पण प्रमाण लक्षात घ्या. विक्रीचा कळस २०२१ मध्ये आला : सुमारे २२० कोटी डॉलरची विक्री आणि राज्याला ४२ कोटींच्या वर कर. राज्याच्या एकूण अर्थसंकल्पात हा वाटा एक टक्क्याच्या आगेमागेच होता. २०२४ पर्यंत विक्री १४० कोटींच्या आसपास उतरली आणि कर साधारण २५ कोटींवर आला.

तीन वर्षांत कर इतका का घसरला? लोकांनी गांजा सोडला म्हणून नव्हे. मुख्य कारण भावाचं आहे. शेत आणि दुकान एकाच मालकाचं असेल तर त्यांच्यात खरा सौदा होत नाही, म्हणून राज्याचं महसूल खातं दर तिमाहीला पौंडामागे सरासरी बाजारभाव जाहीर करतं आणि त्यावर अबकारी आकारतं. २०१४ च्या सुरुवातीला फुलांचा हा भाव १,८७६ डॉलर होता. २०२३ मध्ये तो ७०० च्या आसपास होता. कर टक्केवारीत असेल तर भाव पडला की महसूल पडणारच. आणि भाव पडणं अटळ होतं. बंदीच्या काळात गांजाच्या किमतीत तुरुंगाची जोखीम, लपूनछपून वाहतूक, दलालांची साखळी हे सगळं धरलेलं असतं. ते निघून गेल्यावर उरतं एक झाड, आणि ते झाड कुंडीतसुद्धा वाढतं. ओरेगनमध्ये परवाने सढळ हाताने दिले गेले. २०१९ च्या सुरुवातीला राज्याच्याच पाहणीत दिसलं की साठ्यात साडेसहा वर्षं पुरेल इतका माल पडून आहे. लासलगावला कांद्याची आवक वाढल्यावर शेतकऱ्याचं जे होतं, तेच तिथल्या उत्पादकांचं झालं.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती वर्तमानपत्री लेखांत क्वचितच येते. अमेरिकेत संघराज्याच्या पातळीवर गांजा बेकायदेशीर असल्याने एका राज्यातला माल दुसऱ्या राज्यात नेता येत नाही. प्रत्येक राज्याला आपला गांजा आपल्याच हद्दीत, बऱ्याचदा दिव्यांखाली, महागात पिकवावा लागतो. आजचा भावसुद्धा या कुंपणांमुळे टिकून आहे. उद्या कुंपणं निघाली आणि उघड्या शेतात, जिथे हवामान उत्तम तिथे मोठ्या प्रमाणावर लागवड झाली, तर टक्केवारीच्या करावर बसलेल्या राज्यांचा महसूल आणखी आटेल.

शिवाय सुरुवातीच्या महसुलातला काही भाग शेजाऱ्यांच्या खिशातून आलेला होता. न्यू मेक्सिकोच्या सीमेलगत ट्रिनिडाड नावाचं आमचं छोटं गाव आहे. आठ-नऊ हजार वस्तीच्या त्या गावात गांजाची दुकानं दोन डझनांच्या घरात गेली होती, कारण गिऱ्हाईक सीमेपलीकडून यायचं. एप्रिल २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोत विक्री सुरू झाली आणि ट्रिनिडाडचा धंदा ओसरला. पहिल्या येणाऱ्या राज्याचा आकडा घेऊन चाळिसाव्या राज्याचा अंदाज बांधणं त्यामुळे चुकीचं ठरतं.

आता भक्कम बाजूकडे वळते. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ जेफ्री मायरन यांनी २००५ मध्ये अंदाज मांडला होता की कायदेशीर केल्यास अंमलबजावणीवरचा वर्षाला ७७० कोटी डॉलरचा सरकारी खर्च वाचेल आणि दारू-तंबाखूसारखा कर लावल्यास ६२० कोटी मिळतील. त्यावर खुली चर्चा व्हावी अशा पत्रावर मिल्टन फ्रीडमन यांच्यासह पाचशेहून अधिक अर्थतज्ज्ञांनी सह्या केल्या होत्या. मायरन यांच्याही हिशेबात वाचलेला खर्च मिळणाऱ्या करापेक्षा मोठा होता, याकडे लक्ष द्या.

तरी ‘वाचलेला खर्च’ जपून वाचावा लागतो. एखादा गुन्हा कायद्यातून काढला म्हणून शहरं सहसा त्या प्रमाणात पोलीस कमी करत नाहीत. पोलिसांचे तास वाचतात आणि ते दुसऱ्या तपासाकडे जातात. हा फायदा खरा आहे, पण तो तिजोरीत जमा होत नाही, त्यामुळे अर्थसंकल्पात शोधायला गेलात तर सापडणार नाही. त्याहून मोठी बचत ज्याला अटक झाली असती त्या माणसाची आहे. २०१८ सालीसुद्धा अमेरिकेत गांजासाठी सहा लाखांहून जास्त अटका झाल्या, त्यातल्या बहुसंख्य निव्वळ जवळ बाळगल्याबद्दल. विसाव्या वर्षी नावावर लागलेली अटक पुढे नोकरीच्या अर्जात, भाड्याच्या घराच्या चौकशीत आड येते. त्या माणसाचं आयुष्यभराचं घटलेलं उत्पन्न हा बंदीचा सगळ्यांत मोठा खर्च आहे असं मला वाटतं. तो कुठल्याही खात्याच्या ताळेबंदात दिसत नाही आणि तो बहुतेक वेळा गरिबाच्या आणि कृष्णवर्णीयांच्या वाट्याला आला आहे. मला गांजा कायदेशीर हवा तो यासाठी, शाळांच्या इमारतींसाठी नाही.

काळ्या बाजारातून पैसा काढून घेणं हा दुसरा भक्कम मुद्दा. इथे मात्र सगळं कराच्या दरावर आणि दुकान किती जवळ आहे यावर अवलंबून आहे. कॅलिफोर्नियाने जानेवारी २०१८ मध्ये विक्री सुरू केली तेव्हा १५ टक्के अबकारी, वर फुलांच्या प्रत्येक औंसावर सव्वानऊ डॉलरचा लागवड कर, वर नेहमीचा विक्रीकर आणि वर स्थानिक कर, असा थर रचला. निम्म्याहून अधिक शहरांनी आणि काउंटींनी आपल्या हद्दीत दुकानांना परवानगीच दिली नाही. अशा जागी राहणाऱ्या माणसापुढे जो पर्याय असतो तो जुन्याच ओळखीच्या विक्रेत्याचा, विनाकर, घरपोच. तिथला बेकायदा बाजार आजही प्रचंड आहे. घाऊक भाव कोसळले तेव्हा औंसावरचा तो ठरावीक कर शेतकऱ्यांना झेपेना आणि जुलै २०२२ मध्ये तो रद्द करावा लागला. त्याची भरपाई म्हणून अबकारी जुलै २०२५ मध्ये १९ टक्के केला गेला आणि तीन महिन्यांतच, ऑक्टोबरमध्ये, पुन्हा १५ वर आणला गेला. या तीन महिन्यांमागची ओढाताण समजून घ्या. करातून बालसंगोपन, तरुणांसाठीचे कार्यक्रम, पर्यावरण यांना पैसे जातात. त्या संस्थांना कर जास्त हवा. दुकानदारांना कमी हवा. सरकार मध्ये. एकदा एखादं चांगलं काम गांजाच्या करावर चालू लागलं की गांजाचा खप टिकण्यात त्या चांगल्या कामाचाही स्वार्थ तयार होतो. मला याची धास्ती वाटते.

इथे प्रश्नाचा गाभा येतो. एका करातून आपण तीन गोष्टी मागतो : तिजोरी भरावी, काळा बाजार संपावा आणि खप आटोक्यात राहावा. काळा बाजार संपवायला भाव कमी हवा. खप रोखायला भाव जास्त हवा. तिजोरीला भाव आणि खप दोन्ही जास्त हवेत. यातलं पहिलं उद्दिष्ट कोणतं ते सरकारने ठरवलं नाही, तर ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने कर झुकतो.

विरोधातला सर्वांत गंभीर मुद्दा खपाच्या रचनेत आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे जोनाथन कॉकिन्स यांनी वर्षानुवर्षं दाखवून दिलं आहे की एकूण गांजापैकी सुमारे ८० टक्के गांजा रोज किंवा जवळजवळ रोज ओढणारे लोक संपवतात. त्यांच्याच २०२४ च्या अभ्यासानुसार अशा अमेरिकनांची संख्या १९९२ मध्ये दहा लाखांहून कमी होती, ती २०२२ मध्ये १ कोटी ७७ लाख झाली. रोज किंवा जवळजवळ रोज दारू पिणारे त्या वर्षी १ कोटी ४७ लाख होते. महिन्यातून एकदा मित्रांबरोबर ओढणारा नोकरदार हा प्रचारातला चेहरा असतो. दुकानाचा गल्ला भरतो तो रोजचा ग्राहक. माझ्यासमोर येणाऱ्या विक्रीच्या नोंदींतही तेच दिसतं : सवलतीच्या योजना, पॉइंट, मोठ्या पाकिटावरची सूट, सगळं त्याच्यासाठी बेतलेलं. म्हणजे कर बहुतांशी व्यसनाच्या काठावर असलेल्या, अनेकदा कमी कमाईच्या माणसाकडून येतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला प्रतिगामी कर म्हणतात.

मालही पूर्वीचा राहिलेला नाही. फुलांत टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, आता २० टक्क्यांच्या आसपास सर्रास असतं. अर्कांत ते ६० ते ८० टक्क्यांपर्यंत जातं. गांजा घातलेल्या गोळ्या-चॉकलेटांचा परिणाम तर लहान मुलांवर झाला. सहा वर्षांखालच्या मुलांनी चुकून असे पदार्थ खाल्ल्याच्या, विषबाधा केंद्रांकडे आलेल्या नोंदी २०१७ मध्ये २०७ होत्या, त्या २०२१ मध्ये ३,०५४ झाल्या. दुसरीकडे, कोलोरॅडोतल्या शाळकरी मुलांमध्ये ओढण्याचं प्रमाण कायद्यानंतर वाढलेलं पाहण्यांत दिसत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. अपघात, रुग्णालयाचा खर्च, मानसिक आजार यांचा एकूण हिशेब मात्र एका प्रश्नावर अडतो : लोक दारूऐवजी गांजा घेतात की दारूसोबत? ‘ऐवजी’ असेल तर दारूचं नुकसान इतकं मोठं आहे की समाज फायद्यात राहू शकतो. ‘सोबत’ असेल तर तोटाच. संशोधनाचे निष्कर्ष दोन्ही बाजूंना गेलेले आहेत, आणि हे देश, वय, दारूचा भाव यांवर बदलतं.

रोजगार आणि धंद्याबद्दल माझ्या कामातली एक गोष्ट सांगते, कारण ‘हा उद्योग पैसे छापतो’ असा समज पक्का झालेला आहे. १९८१ मध्ये मिनियापोलिसच्या एका अमली पदार्थ विक्रेत्याने कर-न्यायालयात आपला धंद्याचा खर्च, म्हणजे तराजू, फोन, गाडी, घरभाड्याचा हिस्सा, उत्पन्नातून वजा करून घेतला. संतापलेल्या अमेरिकी संसदेने १९८२ मध्ये कलम २८०ई आणलं : केंद्रीय यादीतल्या पहिल्या दोन वर्गांतले अमली पदार्थ विकणाऱ्याला मालाच्या किमतीखेरीज कोणताही खर्च वजा मिळणार नाही. गांजा त्या यादीत पहिल्या वर्गात होता, म्हणून राज्याचा परवाना घेऊन चालणाऱ्या दुकानांनाही तेच कलम लावण्यात आलं.

परिणाम एका उदाहरणात बघा. विक्री दहा लाख डॉलर. मालाची किंमत सहा लाख. भाडं, पगार, सुरक्षा मिळून साडेतीन लाख. खरा नफा पन्नास हजार. साध्या दुकानाने त्यावर २१ टक्के, म्हणजे साडेदहा हजार कंपनी कर भरला असता. २८०ई लागू असलेल्या दुकानाला साडेतीन लाखांची वजावट नाही, म्हणून कर चार लाखांवर : चौऱ्याऐंशी हजार. नफ्यापेक्षा कर जास्त. मग काही जण भाड्याचा नि पगाराचा शक्य तितका हिस्सा ‘मालाच्या किमती’त बसवायचा प्रयत्न करतात, काही कर थकवतात, बाकीचे मोठ्या कंपन्यांना विकून बाजूला होतात. गांजाला तिसऱ्या वर्गात हलवण्याचा प्रस्ताव २०२४ मध्ये आला, त्यामागे उद्योगाचा मोठा रेटा असण्याचं कारण हेच कलम आहे. वर बँकांची अडचण. मोठ्या बँका या धंद्याला हात लावत नाहीत, त्यामुळे रोकड फार, दरोड्याची भीती फार. सांगायचा मुद्दा असा की अर्धवट कायदेशीर केलेल्या धंद्यात लहान माणूस आधी बुडतो आणि पैसेवाला टिकतो. ‘छोट्या शेतकऱ्याला नवं पीक मिळेल’ असं आश्वासन कोणी दिलं, तर त्याला करप्रणाली कशी असेल ते आधी विचारा.

मग कर कसा असावा? माझं मत : टक्केवारीत नको, टीएचसीच्या प्रमाणावर हवा. भाव कोसळला तरी असा कर कोसळत नाही, आणि तीव्र माल आपोआप महाग पडतो. इलिनॉयने याची अर्धी वाट चोखाळली आहे : ३५ टक्क्यांपर्यंत टीएचसी असेल तर १० टक्के, त्याहून जास्त असेल तर २५ टक्के. ठरावीक कराची उलटी बाजू कॅनडात दिसते. तिथे २०१८ मध्ये ग्रॅममागे एक डॉलर किंवा १० टक्के, जे जास्त असेल ते, असं ठरलं. भाव चांगला असताना दोन्ही सारखेच वाटत होते. भाव पडल्यावर तो एक डॉलर जड झाला आणि अनेक उत्पादकांकडे अबकारी थकली. म्हणून दर सुरुवातीला कमी ठेवावा, काळा बाजार आक्रसल्यावर टप्प्याटप्प्याने वाढवावा आणि मिळालेला पैसा नियमित खर्चाला बांधू नये. व्यसनमुक्ती आणि तपासणी यांवर तो आधी जावा.

आता भारत. आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने संपूर्ण बंदी नाकारून परवाना, मर्यादित लागवड, दुकानांच्या संख्येवर बंधन आणि पुरेसा कर अशी शिफारस केली होती. बंगालात नौगावला सरकारी गोदामातून वजनावर शुल्क भरूनच गांजा बाहेर पडत असे. मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्ह्यात त्याचं पीक घेतलं जाई. आजही राज्यघटनेच्या राज्यसूचीतल्या ५१व्या नोंदीत दारूबरोबर अफू आणि भारतीय भांग यांवरच्या अबकारीचा अधिकार राज्यांनाच दिलेला आहे. अडसर आहे तो अमली पदार्थांसंबंधीच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्याचा, ज्याने फुलांचा गांजा आणि चरस गुन्ह्यात टाकले आणि नुसत्या पानांची भांग बाहेर ठेवली. अनुच्छेद ४७ मधलं मादक पेयं आणि पदार्थांच्या बंदीचं मार्गदर्शक तत्त्वही आहेच.

तरीही कोलोरॅडोचा नमुना उचलून महाराष्ट्रात आणावा असं मला वाटत नाही. कोलोरॅडोत प्रत्येक झाडाला क्रमांकाची पट्टी लावून ते शेतापासून गल्ल्यापर्यंत संगणकावर नोंदवलं जातं, प्रत्येक घाण्याची प्रयोगशाळेत तपासणी होते. या यंत्रणेचा खर्च उचलून वर कर द्यायला ग्राहकाच्या खिशात बरेच पैसे लागतात. २०१९ च्या सरकारी पाहणीत भारतात गांजा-चरस घेणारे साधारण १ कोटी ३० लाख होते. दारू घेणारे सुमारे १६ कोटी. यातला मोठा भाग गरीब, आणि त्यांचा आजचा गांजा ओडिशा-आंध्रच्या डोंगरांतून स्वस्तात येतो. कर, पट्टी, प्रयोगशाळा हे सगळं लावून कायदेशीर गांजा त्याच्याहून स्वस्त देणं जवळपास अशक्य आहे. त्यात महाराष्ट्राची दारूच्या शुल्कावरची भिस्त धरा. जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचार पट केलं, तेव्हा एकूण बदलांतून १४ हजार कोटी रुपये जास्त मिळतील असा सरकारचा अंदाज होता. ‘दारूऐवजी गांजा’ झालं तर राज्याची तिजोरी उलट आटेल.

पण बंदीचा खर्च भारतातही तोच आहे आणि तो कमी करायला बाजारपेठ उघडावी लागत नाही. एक किलोपर्यंतचा गांजा सापडला तर आज एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी पोलीस शेतं उपटतात तेव्हा हाती लागतो तो शेतात राबणारा. खरेदी करणारा दलाल क्वचितच. जवळ बाळगणं आणि सेवन यांतली कैद काढून टाकणं, उपचाराची सोय करणं आणि पोलिसांचे तास मोठ्या व्यापाऱ्याकडे वळवणं, एवढं केलं तरी आर्थिक फायद्याचा मोठा हिस्सा पदरात पडतो. जर्मनीने एप्रिल २०२४ मध्ये घरची मोजकी झाडं आणि बिनव्यापारी मंडळं यांना परवानगी दिली, दुकानं उघडली नाहीत. थायलंडने २०२२ मध्ये नियम न बनवताच गांजा यादीतून काढला, गल्लोगल्ली दुकानं झाली आणि २०२५ मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालून मागे फिरावं लागलं. आपल्याला यांपैकी पहिला रस्ता जास्त जवळचा आहे.

तुमच्या प्रकल्पासाठी एक सूचना. महसुलाचा आकडा लिहिताना शेजारी तीन रकाने करा : त्या वर्षीचा घाऊक भाव, रोज ओढणाऱ्यांकडून आलेला अंदाजे वाटा आणि शेजारच्या राज्यात तेव्हा विक्री सुरू होती की नव्हती. कोलोरॅडोचं महसूल खातं विक्री आणि कर दर महिन्याला, भाव दर तिमाहीला उघड प्रसिद्ध करतं. २०१४ पासूनची पूर्ण मालिका विनाशुल्क मिळते. तिथून सुरुवात करा, आणि कलम २८०ईचं उदाहरण भारतीय आयकराच्या दराने स्वतः सोडवून बघा.